जास्तीचा काना

ठेंगी माझ्याशी बोलत नाही असं कुणी म्हणालं तर ते खोटं ठरेल. ती बोलते, कधी कधी गरजेपेक्षा जास्तच बोलते. फक्त ते बोलणं कुणाला उद्देशून आहे, याचा पत्ता त्या बोलण्यात कुठे लागत नाही. "दार लावून घेतलं तर बरं होईल." "जेवायला बसायचंय." "बाथरूममधला दिवा चालूच राहिलाय." तिच्या आईशी माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत तिने मला एकदाही हाक मारलेली नाही. तू म्हटलेलं नाही आणि तुम्हीही म्हटलेलं नाही. आपल्या भाषेत असं दोन वर्षं निभावता येतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

माझा धंदाच भाषेचा, म्हणून हे जरा जास्त टोचतं. मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढणारा. आमच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यात घालायच्या चिठ्ठ्या छापतात, घडी घालून घालून नखाएवढ्या केलेल्या. त्याही कुणाशी बोलत नाहीत. बाटली हलवून घ्यावी. झाकण घट्ट लावावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. म्हणजे दिवसभर कामावर तेच आणि संध्याकाळी घरी आल्यावर तेच. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी बायकोला सांगत असे. वाटत होतं. तिने मला काहीतरी म्हणावं असं फार वाटत होतं, आणि ते मागायचं नाही एवढा शहाणपणा मी स्वतःला लावून घेतला होता.

तिची अडचण मला कळत होती. पपा ही जागा भरलेली आहे. पपा दुसऱ्या गावी राहतात, दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. माणूस चांगला आहे. त्यांच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं मला काही सापडलेलं नाही, आणि मी शोधलं नाही असंही नाही. राहता राहिला काका. तर काका ती सगळ्यांनाच म्हणते: बसच्या कंडक्टरला, नळ दुरुस्त करायला येणाऱ्याला, वरच्या मजल्यावरच्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला. त्यांना ती तुम्ही म्हणते. घरातल्यांना मात्र तू: आईला तू, आजीला तू, मामालाही तू. मी कुठल्या रांगेत उभं राहायचं हे ठरत नसल्यामुळे मला दोन्ही नाही.

ठेंगी हे नाव आजीने ठेवलेलं. लहानपणी ती वयाच्या मानाने फारच बुटकी होती म्हणे. आता तेराव्या वर्षी आईपेक्षा चार बोटं उंच झाली आहे, पण नाव काही बदललं नाही. नावं एकदा पडली की पडली.

त्या शनिवारी सकाळी मामा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दारात एक पेटी ठेवून गेला. तो फळांच्या शीतगृहात कामाला आहे. "चार किलो स्ट्रॉबेरी आहेत. आजच्या आज उरका, उद्या त्यांचं पाणी होईल," एवढं सांगायला तो गाडी चालूच ठेवून वर आला होता आणि तसाच पळाला. पेटी उघडली तेव्हा वास थेट बाहेरच्या चपलांपर्यंत पसरला. वरच्या थरातल्या टपोऱ्या होत्या, मधल्या बऱ्या होत्या, तळाच्या दबून कागदाला चिकटल्या होत्या. चांगला माल वर लावायची रीत सगळ्याच धंद्यांत आहे.

सासूबाई त्या आठवड्यात आमच्याकडे होत्या. त्यांनी एक स्ट्रॉबेरी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, "दिसायला देखणी, पण अंगभर बिया. सगळी फळं बिया पोटात ठेवतात, हिलाच मिरवायची हौस."

सासूबाईंना कवळी आहे आणि बारीक बी कवळीखाली गेली की त्यांचा जीव नकोसा होतो. बायको दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. आईची कवळीही तिनेच बनवली आहे, त्यामुळे त्या कवळीबद्दल ती तक्रार ऐकून घेत नाही.

"कवळी नीट बसली असती तर बी आत गेली असती का गं?"

"आई, बी जाते ती बीच्या गुणाने. माझ्या कामाला नावं ठेवू नकोस."

शेवटी असं ठरलं की एक बरणी आजीसाठी गाळून करायची आणि बाकीच्या चार तुकड्यांच्या. मोठ्या बरण्या घरात पाचच होत्या. बायकोने त्या उकळत्या पाण्यात घातल्या, ठेंगीने टबात स्ट्रॉबेऱ्या धुवायला घेतल्या आणि देठ काढायचं काम माझ्याकडे आलं. चमच्याचं टोक देठाखाली खुपसायचं आणि गोल फिरवायचं, की देठ मधल्या पांढऱ्या भागासकट बाहेर येतो. अर्ध्या तासात माझी नखं लाल झाली. सासूबाई खुर्चीत बसून देखरेख करत होत्या, म्हणजे ज्या स्ट्रॉबेऱ्या फारच पिकल्या आहेत असं त्यांना वाटे त्या खाऊन टाकत होत्या.

"आजी, बिया!" ठेंगी म्हणाली.

"फळ शिजलं नाही तोवर त्या चिकटून असतात," आजी म्हणाली. हे खरं नव्हतं, पण कुणी वाद घातला नाही.

मीही खात होतो. पाण्यातून काढलेली गार, वरून पाणी निथळतंय आणि दाताखाली आली की आधी आंबट आणि मग गोड. त्या वेळी स्वैपाकघरात चारही माणसं एकाच कामाला लागलेली होती आणि मला बरं वाटत होतं. फारच बरं वाटत होतं, असं म्हटलं तरी चालेल.

साखर किती घालायची यावर थोडी चकमक झाली. बायकोने फोनवर कृती उघडून मला वाचायला दिली. मी म्हणालो, "यात उकळवून चुकीचं लिहिलंय, व-ला पहिला उकार दिलाय."

"तू साखर बघ, उकार नको बघूस," बायको म्हणाली.

फळाच्या निम्मी साखर घालून पातेलं दोन तास झाकून ठेवलं. झाकण काढलं तर स्ट्रॉबेऱ्या त्यांच्याच रसात पोहत होत्या. त्यातला आजीचा वाटा बायकोने बाजूला काढून चाळणीतून घासून घेतला. उरलेलं मोठ्या आचेवर चढलं. पहिली उकळी आल्यावर वरचा पातळ पाक दोन डाव काढून तिने एका काचेच्या बाटलीत भरला, दुपारी पाणी घालून प्यायला. ही बाटली ओट्यावर माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. तिच्यामुळे पुढचा घोटाळा झाला, असं मला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं. पण बाटलीवर ढकलण्यात अर्थ नाही.

जॅम आटत होता तेव्हा ठेंगी आपल्या खोलीत गेली आणि वहीचा एक कागद घेऊन आली. तो तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"बरण्यांवरची लेबलं आहेत," ती म्हणाली. "लिहायच्या आधी एकदा बघून झालं तर बरं."

बोलून ती गेली नाही. पलीकडच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मी लाल पेन काढलं. आता कामाची एक पद्धत सांगायला हवी. मुद्रितशोधकाने अर्थ वाचायचा नसतो. अर्थात शिरलं की डोळे पुढे धावतात आणि चूक मागे निसटते. म्हणून मी शेवटच्या ओळीपासून वर वाचत जातो, एकेक अक्षर सुटं करून. कागदावर पाच ओळी होत्या. वरून खाली त्या अशा होत्या: आजी (बिया नाहीत). आई. मामा. मी. पाका.

मी खालून वाचलं, त्यामुळे माझ्या हाती आधी पाका आलं. समोर बाटली होतीच. पाक या शब्दाला शेवटी काना नसतो, हे कुणीही सांगेल. मी तो काना खोडला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'पाक'. मग वर गेलो. मी (म्हणजे ती स्वतः), मामा, आई, आजी. यांच्यात काही चूक नव्हती आणि यांच्यात मी नव्हतो.

हे मला दिसलं नाही असं म्हणणार नाही. अर्थ वाचायचा नाही म्हटलं तरी आपलं नाव कागदावर नसलं तर ते माणसाला दिसतंच. बरण्या पाच, चारांवर नावं, बाटलीवर पाक, म्हणजे पाचवी बरणी पाहुण्यांसाठी असणार. मी स्वतःला सांगितलं की तिने मला वगळलेलं नाही, काय लिहावं ते न सुचल्यामुळे सोडून दिलं आहे. तरी लागायचं ते लागलंच. आणि लागलं की मी जास्त काटेकोर होतो, हा माझा जुना रोग आहे. मी त्या 'पाक'खाली एक ओळ आणखी लिहिली: 'व्यक्तींची नावे व पदार्थाचे नाव एकाच यादीत नसावीत.' आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने तो वाचला. दोन ओळी वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाचला.

"बरं," ती म्हणाली. "पाक."

मग ती आत गेली आणि कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. बायको हातात डाव घेऊन माझ्याकडे वळली.

"काय म्हणालास तिला?"

"काहीच म्हणालो नाही. तपासून दिलं."

"तुझं तपासणं," बायको म्हणाली आणि पुन्हा पातेल्याकडे वळली. तिकडे फेस वर आला होता.

जॅम झाला की नाही हे बघायला फ्रीजमध्ये एक बशी गार करून ठेवली होती. सासूबाईंनी ठेंगीला हाक मारली. बशीवर थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटाने ढकलायचा. सुरकुती पडली की झाला. पहिल्या वेळी थेंब पळाला. दुसऱ्या वेळी पळायचा विचार करत होता. तिसऱ्या वेळी सुरकुती पडली आणि ठेंगीने बोट चाटलं. "झालाय," ती म्हणाली. एरवी तिने एक थेंब मलाही दिला असता, म्हणजे बशी माझ्या बाजूला सरकवून "चव बघायची असेल तर" एवढं तरी म्हणाली असती. या वेळी बशी सरळ बेसिनमध्ये गेली.

बरण्या भरल्या. वरचा गुलाबी फेस बायकोने एका वाडग्यात जमवला होता, तो कोमट असतानाच पावाच्या जाड कापांवर घालून आम्ही खायला बसलो. फेस बरणीत टिकत नाही, म्हणून तो करणाऱ्यांनीच संपवायचा, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांनी कवळी काढून पेल्यात ठेवली आणि हिरड्यांनी शांतपणे पाव खाल्ला. सगळ्यांची तोंडं लाल झाली होती. बायकोने बाटलीतला पाक चार ग्लासांत ओतला, वर गार पाणी घातलं, आणि बाटली धुऊन पालथी घातली. मी माझा ग्लास एका दमात संपवला. बाटली रिकामी झाली हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मी तेव्हाही वाचला नाही.

खाऊन झाल्यावर ठेंगीने लेबलं आणली. सुंदर अक्षर आहे तिचं, मी ते पहिल्या महिन्यातच कबूल केलं होतं. जाड निळ्या शाईने लिहून, कडेने चौकट आखून, तिने एकेक लेबल बरणीवर चिकटवलं. आजीच्या गाळलेल्या बरणीवर आजी. तुकड्यांच्या बरण्यांवर आई, मामा, मी. शेवटचं लेबल तिने पाचव्या बरणीवर दाबून बसवलं. त्यावर पाक लिहिलं होतं. आत अख्ख्या अख्ख्या स्ट्रॉबेऱ्या दिसत होत्या. त्या वरच्या थरातल्या, टपोऱ्या, मी स्वतः देठ काढलेल्या. त्या चिरायच्या नाहीत असं ठेंगीने आईला दोनदा बजावलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं की स्वतःसाठीच.

कुणी शहाणा माणूस गप्प बसला असता.

"लेबल चुकलंय," मी म्हणालो. "यात जॅम आहे. पाक तर संपला."

ठेंगी बरणीकडे बघत राहिली.

"आधी चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

सासूबाई पेल्यातून कवळी काढून बसवत होत्या. त्यांनी ती घाईघाईने बसवली. "आधी काय होतं?"

"पाका होतं," मी म्हणालो. "पाक शब्दाला काना नसतो, म्हणून मी काढला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो जावईबापू, काना नसतो तो त्या खायच्या पाकाला. पाका म्हणजे तुम्ही! पपा म्हणता येत नाही, काका म्हणवत नाही, म्हणून निम्मा हा आणि निम्मा तो. माझ्याशी फोनवर बोलताना वर्षभर हेच चाललंय. पाका आज उशिरा आला, पाकाने माझं निबंधाचं पुस्तक वाचून काढलं, पाकाला सांगू नकोस. तुम्हाला कधीच म्हणाली नाही?"

"आजी!" ठेंगी ओरडली. तिचे कान लाल झाले होते.

"मी ऐकलं होतं एकदा," बायको म्हणाली. "मला वाटलं पकाऊ म्हणतेय. म्हणून तुला सांगितलं नाही."

 मी टेबलावरचा तो वहीचा कागद उचलला. पाच ओळी. आजी, आई, मामा, मी: यातला एकही शब्द कुणाला तपासायला द्यावा लागत नाही. या असल्या यादीला मुद्रितशोधक लागत नाही. तिने मला एकच शब्द दाखवायला आणला होता, शेजारी उभी राहिली होती, आणि मी तो दुरुस्त करून परत दिला होता. वर शेराही मारला होता. वर्षभर मी पलीकडच्या खोलीत, फोनच्या तिकडच्या टोकाला, नाव घेतलं जाणारा माणूस होतो आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. मला आनंद झाला आणि त्याच वेळी स्वतःची इतकी शरम वाटली की त्या आनंदाचं काय करावं ते कळेना.

चुकलो म्हणायला हवं होतं. तो शब्द तोंडात तयारही होता. पण ऐन वेळी मी जे केलं ते सवयीने केलं. खिशातून पेन काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"काना लावायचा राहिलाय," मी म्हणालो.

म्हणजे मीही तसंच बोललो, कुणालाच उद्देशून नसलेलं. तिने पेनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं असावं.

"मी नाही लावणार," ती म्हणाली. "तू काढलास, तूच लाव."

 मग सासूबाईंना कर्तव्याची आठवण झाली. "अगं, मोठ्यांना अरे-तुरे करतात का? तुम्ही म्हणावं."

"आई, तू जरा थांब," बायको म्हणाली.

मी पाचवी बरणी जवळ ओढली. काच अजून गरम होती. लेबलावर ठेंगीने तो शब्द चौकटीत नेमका मध्यभागी बसवला होता, काना घालायला चौकटीत जागा असली तरी तो मध्य बिघडणार होता. तीस वर्षांत मी किती काने घातले आणि किती काढले याला गणती नाही. एकही असा नव्हता, ज्याच्यावर माझं स्वतःचं काही अवलंबून होतं. मी पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. गोल बरणी पेनाखाली फिरत होती.

ठेंगी खुर्ची सोडून माझ्या बाजूला आली.

"बरणी फिरतेय तुझी," ती म्हणाली. "थांब, मी धरते."